बांधावरच्या सहकाऱ्याची ओळख



बाजारातून बैल घेताना आपण काय काय पाहतो? दात मोजतो, खूर पाहतो, चार पावले चालवून बघतो. मालक कोण, दावण कोणाची, नांगराला किती वर्षे जुंपला, कोणत्या खांद्याचा, एवढे सगळे विचारतो. सोयरीक जुळवताना तर चार गावे चौकशी होते. पण ज्याच्या शब्दावर आपण बियाणे बदलतो, औषधाचे प्रमाण ठरवतो, फळबागेचा खड्डा घेतो, त्या माणसाबद्दल आपल्याला किती माहिती असते? "कृषी सहायक आले होते," एवढेच. ते कुठले, काय शिकले, आधी कुठे होते, कशात तरबेज आहेत, हे दहापैकी नऊ घरांत सांगता येत नाही.

हा माणूस आमच्या खात्यातला माझा सहकारी आहे. पण नीट विचार केला तर तो माझ्यापेक्षा तुमचाच सहकारी जास्त. माझी त्याची गाठ बैठकीत पडते, तुमची बांधावर. २०२५ साली या पदाचे नाव बदलून 'सहायक कृषी अधिकारी' असे झाले, पण गावाच्या तोंडी अजून जुनेच नाव आहे. म्हणून मीही येथे तेच वापरतो.

तिघांचे एक झाले

आजचा कृषी सहायक समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागेल. पूर्वी राज्यात शेतीची कामे वेगवेगळ्या शाखांकडे होती. बांधबंदिस्ती आणि पाणलोटाचे काम मृदसंधारणाची माणसे करीत. कलमे, रोपवाटिका, फळबाग हे फलोत्पादनवाल्यांचे काम. बियाणे, खते, पिकांचा सल्ला हे कृषी विस्ताराकडे. १ जुलै १९९८ पासून या शाखा एकत्र आल्या. शेतकऱ्याला तीन दारांत जावे लागू नये, एकाच खिडकीत सर्व काम व्हावे, हा त्यामागचा हेतू होता आणि तो योग्यच होता.

पण माणसाच्या हातातली कला शासनाच्या एका आदेशाने बदलत नाही. ज्याने आठ-दहा वर्षे दुर्बिणीतून पातळी पाहून बांध आखले, त्याच्या हाती दुसऱ्या दिवशी बियाण्याची पाकिटे आली. ज्याचा हात कलमावर बसलेला, त्याला नालाबांधाची मापे घ्यावी लागली. सर्वांनी नवे काम शिकून घेतले. मात्र जुने कसब आत राहिले, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसेना. सगळ्यांच्या पाटीवर नाव एकच.

एका सहकाऱ्याची वाटचाल

माझे एक सहकारी आहेत. नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून सांगत नाही. मूळचे माणदेशातले, सांगोल्याकडचे. कोरडवाहू सात एकर, त्यातले निम्मे माळरान. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा हे चार वर्षांचे होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाई आणि हे सावलीला बसून राहत. सुकडीची चव तेवढी आठवते, बाकी सारे आईच्या तोंडून ऐकलेले, असे ते म्हणतात.

गावच्या शाळेत दहावी झाली. पुढे दोन वर्षांची कृषी पदविका घेतली. चार वर्षांची पदवी घ्यावी अशी इच्छा होती, पण घरची परिस्थिती नव्हती. नव्वदीच्या सुरुवातीला मृदसंधारणात नोकरी लागली. सात वर्षे त्यांनी रोजगार हमीच्या कामावर बांध आखले, समपातळी चर खोदून घेतले, मजुरांची हजेरी लिहिली. ज्या कामावर आईने खडी फोडली, तशाच कामाचे हजेरीपत्रक मुलाच्या हाती आले. मग १९९८ आले, आणि ते भीमाकाठच्या काळ्या भारी जमिनीच्या गावांत बियाणे, माती परीक्षण आणि पीक सल्ला सांभाळू लागले. पर्यवेक्षक म्हणून बढती मिळायला पन्नाशी उलटली.

स्वभावाने माणूस कडक. बोलणे मोजके. खिशात पेन नसेल एक वेळ, पण पिशवीत टेप असणारच. शेततळे असो, बांध असो, ठिबकची नळी असो, स्वतः मोजल्याशिवाय सही करीत नाहीत. गावात त्यांना 'टेपवाले साहेब' म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे लोक विचारतात. दोन-तीनदा बदलीसाठी अर्जही गेले.

एकदा पंचनाम्याच्या दौऱ्यात दिवसभर बरोबर हिंडताना मी त्यांना या टेपेचे कारण विचारले. ते म्हणाले, "आईची मजुरी खडीच्या मापावर होती. मुकादम माप घेताना ढिगाचा कोपरा मारायचा. दिवसभर हात फोडून घ्यायचे आणि संध्याकाळी माप कमी भरायचे. आईला मोजता येत नव्हते, म्हणून बोलता येत नव्हते. मला मोजता येते."

ज्याला गाव संशयी समजत होते, तो मजुराचे माप कमी भरू नये म्हणून टेप धरीत होता. कारण कळले की तोच स्वभाव वेगळा दिसू लागतो.

सहा वर्षे आणि एक प्रश्न

आता यातला तुमच्या उपयोगाचा भाग सांगतो. याच सहकाऱ्यांकडे असलेल्या एका गावात दोन भावांची शेते वर-खाली होती. थोरल्याचे वर, धाकट्याचे खाली. परतीचा पाऊस जोराचा झाला की मधला बांध फुटे आणि धाकट्याची पेरलेली ज्वारी गाळाखाली जाई. दरवर्षी बांध घालायचा, दरवर्षी फुटायचा. भावाभावांत बोलणे बंद झाले. धाकट्याला वाटे, थोरला मुद्दाम पाणी सोडतो. प्रकरण वकिलापर्यंत जायच्या बेतात होते.

गंमत अशी, की बांधातला जाणता माणूस सहा वर्षे त्या गावात येत होता. बियाणे वाटत होता, अर्ज भरून घेत होता. पण त्याला बांधातले कळते हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि न विचारता बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

शेवटी थोरल्याच्या घरातील बाईने सहज विचारले, "साहेब, तुमचं गाव कंचं? घरी शेती हाय का?" त्यातून माणदेश निघाला, दुष्काळ निघाला, बांधांची सात वर्षे निघाली. बाई हुशार. म्हणाली, "मग आमचा बांध का फुटतोय ते बघा की."

त्यांनी पाहिले. बांध अगदी समपातळीत घातला होता आणि पाणी बाहेर पडायला सांडवा नव्हता. हलक्या, मुरमाड जमिनीत समपातळी बांध चालतो, कारण पाणी मुरते. भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, ते बांधाला तुंबते. शिवाय उन्हाळ्यात या जमिनीला भेगा पडतात. भेग बांधातही जाते, आणि तेथूनच बांध फुटतो. त्यांनी बांधाला ओघळीच्या बाजूने थोडा ढाळ दिला. टोकाला बांधाच्या माथ्यापेक्षा खाली दगडी सांडवा काढायला लावला, त्याच्या तोंडाशी गवत लावले. वरच्या शेतात पेरणीआधी लहान लहान वाफे पाडायला सांगितले, म्हणजे पडलेले पाणी जागच्या जागी मुरते आणि रब्बी ज्वारीला ओल मिळते. त्यात नवीन काही नाही. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन चालू आहे आणि आमच्या माणसांनी हे तेथूनच शिकून घेतले आहे.

पुढच्या परतीच्या पावसात बांध टिकला. भावाभावांचे बोलणे कधी सुरू झाले, ते मी विचारले नाही. पण त्या वर्षी दोघांची ज्वारी एकाच दिवशी, एकाच मळणी यंत्रावर निघाली, एवढे मी पाहिले.

विचारावे काय?

तेव्हा तुमच्या गावाला जो कोणी कृषी सहायक असेल, त्याला पुढील गोष्टी जरूर विचारा.

एक: गाव कोणते आणि घरी कोणते पीक असते? भातपट्ट्यातून आलेल्या माणसाला चिखलणी लहानपणापासून ठाऊक असते, कापूसपट्ट्यातल्याला बोंडअळी. जे लहानपणी हाताने केले, ते पुस्तकातल्यापेक्षा पक्के असते.

दोन: शिक्षण काय? पदविका की पदवी? पदवीवाल्यांना शेवटच्या वर्षात ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहून काम करावे लागते. ते कोणत्या गावी केले, तेथे काय पाहिले, हे विचारा. बोलायला चांगला विषय आहे.

तीन: याआधी कुठे होता? कोकणात चार वर्षे काढलेला माणूस आंब्याच्या कलमाविषयी सांगू शकेल. कोणी नोकरीआधी बियाणे किंवा औषधाच्या कंपनीत असतो. तेही मोकळेपणाने विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, उलट दुकानातल्या बाटलीवरचे बारीक अक्षर तो चांगले वाचून दाखवील.

चार: कोणत्या पिकात तुमचा हात चांगला आणि कशात नाही? हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. जो म्हणतो, "यातले मला पक्के ठाऊक नाही, विचारून सांगतो," त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली. मे महिन्यात ती देशात प्रथम कर्नाटकात दिसली आणि त्याच वर्षी आपल्याकडे पोचली. ही अळी आम्हां कोणाच्याच शिक्षणात नव्हती. ज्यांनी अळी बाटलीत घालून कृषी विद्यापीठाकडे नेली, त्यांच्या गावाला योग्य सल्ला मिळाला. ज्यांना ठामपणे बोलण्याची घाई होती, त्यांच्या गावात फवारण्या वाया गेल्या.

पाच: गावात कोणत्या दिवशी येता? एका माणसाकडे बहुधा एकाहून अधिक गावे असतात. पंचनामे, पीक कापणी प्रयोग, ऑनलाइन अर्ज हे सगळे त्यालाच पाहायचे असते. वार ठाऊक असला की तुमची आणि त्याचीही खेप वाचते.

काय विचारू नये?

आपल्या गावांत एक खोड आहे. नवा माणूस आला की आडनाव विचारायचे, त्यावरून न कळल्यास भावकी विचारायची, आणि तरीही न कळल्यास सरळ जात. ही ओळख नव्हे. ज्वारीच्या मुळाला लागलेली हुमणी सल्ला देणाऱ्याची जात बघत नाही. तसेच पगार किती, नोकरी कोणाच्या शिफारशीने लागली, हेही विचारू नये.

आणि ओळख झाली म्हणजे वशिला झाला, असेही समजू नये. चांगली ओळख असूनही ज्याने पंचनाम्यात एक गुंठा जास्त लिहिला नाही, तो माणूस खरा. उद्या तुमच्या खऱ्या नुकसानीला त्याचीच सही उपयोगी पडेल.

मॅडम आल्या असतील तर

आता पुष्कळ गावांत मुली या पदावर येत आहेत. कृषीची पदवी घेतलेल्या, परीक्षा देऊन लागलेल्या. त्या दारात उभ्या असतात आणि घरातले पुरुष विचारतात, "साहेब कधी येणार?" असे करू नका. साहेब त्याच आहेत. घरातील बायांना माझे सांगणे आहे, त्यांना आत बोलवा, पाणी द्या, हातपाय धुण्याची सोय दाखवा. दिवसभर शिवारात हिंडणाऱ्या बाईची ती पहिली अडचण असते. मग तुमच्या मनातले विचारा. पेरणी, निंदणी, वेचणी, शेळ्या, परसबाग ही निम्मी-अधिक शेती तुमच्याच हातची. तिच्याबद्दल प्रश्न विचारणारे आणि ऐकणारे माणूस आता दारात आले आहे.

वेळ थोडा आहे

१९९८ पूर्वी नोकरीला लागलेली माझ्या वयाची मंडळी आता एकेक करून निवृत्त होत आहेत. अठ्ठावन्न पूर्ण झाले की निरोपाचा नारळ आणि शाल. माझे माणदेशी सहकारीही लवकरच त्या यादीत जातील. त्यांच्याबरोबर बांधाचा ढाळ नुसत्या नजरेने ओळखणारी दृष्टी जाईल, कलमाची जोड बोटाने तपासणारा हात जाईल. नव्या मुलांकडे मोबाइल आहे, हवामानाचा अंदाज आहे, उत्साह आहे. त्यांना जुन्यांचे कसब मिळायचे तर दोघांची गाठ तुमच्या बांधावरच पडली पाहिजे. गावातला जुना साहेब निवृत्त झाला असेल, तरी त्याला एकदा बोलवा. नव्याला शेजारी उभे करा, आणि ओघळ, विहीर, बाग दाखवत दोघांना शिवार फिरवून आणा.

घरात जमाखर्चाची वही असेल. तिच्या मागच्या पानावर तुमच्या कृषी सहायकाचे नाव, फोन, गावात येण्याचा वार आणि 'कशात तरबेज' हे चार रकाने आखा. पहिले तीन रकाने आजच भरता येतील. चौथा भरायला त्यांना चहाला बोलवावे लागेल. बोलवा, आणि त्यांनाही तुमच्या शेताची हकिकत सांगा.