बंदीचा फलक वाचून पोहता येत नाही

जून लागला की कर्जत-खालापुरात दोन गोष्टी ठरलेल्या असतात. रविवारी सकाळच्या कर्जत लोकलमधून भिजायला उतरणारी पोरं, आणि बहुतेक वर्षी धबधब्यांवर, धरणांवर जायला मनाई करणारा प्रशासनाचा आदेश. पूर्वी त्यावर कलम १४४ असायचं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, म्हणून आता कलम १६३ असतं. बाकी सगळं तसंच. आषाण्याचा धबधबा, सोलनपाडा, पाली-भुतिवली, खोपोलीचा झेनिथ, जिथे पोलिसांची गाडी उभी असेल तिथे पोरं मागच्या शेतातून वर चढतात. मीही चढलोय. कॉलेजची चारही वर्षं, न चुकता.

तिसरी गोष्ट म्हणजे बातमी. ३० जून २०२४ चा रविवार आठवत असेल. पुण्याच्या हडपसर भागातलं एक मुस्लिम कुटुंब लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात उभं होतं. म्हणजे आमच्या खोपोलीच्या अगदी डोक्यावर. पाणी वाढलं. सगळे एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध थांबले, आणि मग एकदम वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं दगावली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. आमच्या मोहल्ल्यातल्या टपरीवर त्या आठवड्यात दोन मतं ऐकू आली. एक, 'अक्कल नको का?' दुसरं, 'लिहिलेलं होतं, नसीब.' दोन्ही मतं सोयीची आहेत, कारण दोन्हींनंतर कुणाला काही करावं लागत नाही.

मला मात्र त्या व्हिडिओने झोपू दिलं नाही, कारण त्यातली एकही चूक मी केली नव्हती असं नाही. माझी डिग्री मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आणि त्याच पावसाळ्यात मी झेनिथला गुडघाभर प्रवाहात उभा होतो, एका हातात मोबाइल धरून. पेपरातलं पाणी आणि पायाखालचं पाणी एकच आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून गेल्या नोव्हेंबरपासून मी रेवदंड्याला कयाक शिकायला जातो. दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची ही अरुंद होडी. खोपोलीहून पहाटे निघायचं आणि आठच्या आत खाडीवर पोचायचं. घरच्यांना आधी वाटलं हे नवीन फॅड आहे. अब्बा म्हणाले, 'आपल्या रक्तातच दर्या आहे, शिकायचं काय त्यात?'

या वाक्यावर थोडं थांबतो, कारण आपल्यातले बरेच जण ते म्हणतात. कोकणी मुसलमानांचा समुद्राशी संबंध खराच जुना आहे. मराठीतले समुद्राचे शब्दच पाहा. सुकाणू, तुफान, खलाशी, मोसम हे शब्द अरबीतून आले, बंदर आणि नाखवा फारसीतून. माझे नाना म्हसळ्याचे. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर खलाशी होते. एडन, मोम्बासा, लिव्हरपूल ही नावं ते शेजारच्या गावांसारखी घ्यायचे. आणि नानांना पोहता येत नव्हतं. एकदा मी विचारलं, तेव्हा हसून म्हणाले, 'जहाज बुडालं तर समुद्राच्या मधोमध पोहून जायचं कुठे?' त्या पिढीच्या खलाशांना हे उत्तर पुरत असेल. पण त्यांनी अम्मीला पोहायला शिकवलं नाही, अम्मीने आम्हाला नाही. एका पिढीने जे शिकवलं नाही, ते पुढच्या पिढीच्या रक्तात शोधून सापडत नाही.

रेवदंड्याला पहिल्या दिवशी आम्हाला होडी चालवायला शिकवलीच नाही, उलटायला शिकवली. बंद कयाकमध्ये कमरेपासून खाली तुम्ही आत असता आणि कमरेभोवती एक झालर असते, पाणी आत येऊ नये म्हणून. होडी उलटली की डोकं खाली, पाय वर. तेव्हा पुढच्या बाजूला हात नेऊन झालरीची दोरी शोधायची, ओढायची, मग दोन्ही हातांनी होडी ढकलून बाहेर यायचं. सांगायला तीन सेकंद लागतात. मला पहिल्यांदा दोरी सापडलीच नाही. नाकातोंडात खारं पाणी, कानात स्वतःच्याच धडधडीचा आवाज. शिक्षकांनी होडीसकट मला सरळ केलं आणि म्हणाले, 'पुन्हा.' सहाव्या वेळी हात आपोआप दोरीवर गेला. घाबरलेल्या माणसाला विचार करता येत नाही, म्हणून विचार न करता जे करायचं ते आधीच हातांना शिकवून ठेवावं लागतं.

मग दुसऱ्याला वाचवणं. साथीदाराची होडी तुमच्या होडीला काटकोनात येते, तो तुमच्या होडीचं टोक उचलून पाणी ओततो, ती सरळ करतो, घट्ट धरून ठेवतो आणि तुम्ही मागून चढता. आम्हाला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली. मी सवयीने हिशेब केला: प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल, तर अकरा मिनिटांत माणूस साडेसहाशे मीटर वाहून जातो. आता आम्ही ते दोन मिनिटांच्या आत करतो.

पण सगळ्यात जास्त शिकवलं ते पौर्णिमेनंतरच्या एका दिवशी. कोकणच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्रावर चालणारं कॅलेंडर आपल्याही घरात भिंतीवर असतं, पण आपण ते रोजे आणि ईदपुरतंच बघतो. त्याच कॅलेंडरवर महिन्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर उधाण, सात-आठ तारखेला आणि बावीस-तेवीसला भांगाची भरती. त्या दिवशी बाराच्या सुमारास भरती पूर्ण झाली. खाडी तेलासारखी शांत. आम्ही पाच जण मुखाकडे निघालो, समोर कोर्लईचा किल्ला दिसत होता. मला तिथवर जायचंच होतं.

दीडच्या सुमारास दोन गोष्टी एकदम झाल्या. ओहोटीने जोर धरला, म्हणजे खाडीचं पाणी समुद्राकडे धावू लागलं, आणि दुपारचा खारा वारा समुद्राकडून जमिनीकडे सुटला. वारा आणि पाणी एकमेकांवर धावून आले की लाटा उभ्या राहतात. आखूड, टोकदार, एकामागे एक. वीस मिनिटांत तीच खाडी ओळखू येईना. शिक्षकांनी वल्हं आडवं उंच धरलं: थांबा. मग म्हणाले, 'परत.' कोर्लई समोर दिसत होतं. मी म्हणालो, 'सर, थोडंच राहिलंय.' ते म्हणाले, 'अंतर थोडंच आहे. पण पाणी आता पहिल्यासारखं नाही.'

परत येताना मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. किनाऱ्यावर आल्यावर लक्षात आलं, की आयुष्यात पाण्याच्या बाबतीत मी पहिल्यांदाच परत फिरलो होतो. झेनिथला, सोलनपाड्याला आम्ही कधी परत फिरलो नाही, कारण पाच मित्रांत 'चला, निघू या' म्हणणारा डरपोक ठरतो. पाण्यात गेलेल्या कित्येक पोरांच्या बातम्यांमागे हीच लाज असते असा माझा अंदाज आहे. आमच्या वर्गात नियम आहे, पाचातल्या एकालाही बरं वाटत नसेल तर सगळे फिरतात, आणि कारण विचारायचं नाही. असा एक नियम आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये असता तर किती बरं झालं असतं.

कुणी म्हणेल, समुद्राचं खोपोलीत काय काम? तर आपलं पाणी समुद्रापेक्षा कमी लहरी नाही. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो तेव्हा खाली उन्हं पडलेली असू शकतात, आणि लोंढा उशिराने येतो. त्याआधी पाणी गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागतात, आवाज बदलतो. ही भरतीसारखीच वाचायची चिन्हं आहेत, पण त्यांचं वेळापत्रक नाही. शिवाय आपल्या नद्यांना एक माणसाने केलेली भरतीही आहे. टाटांचं खोपोलीचं वीजगृह १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये, भिऱ्याचं १९२७ मध्ये. वीज तयार करून झाली की ते पाणी खोपोलीत पाताळगंगेत येतं, भिवपुरीला पेज नदीत, भिऱ्याला कुंडलिकेत. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते सकाळी सुटणाऱ्या याच पाण्यावर. विजेची मागणी वाढली की भर उन्हाळ्यात, आभाळात ढग नसताना नदी चढू शकते. सकाळी कोरडा असलेला खडक संध्याकाळी बेट झालेला असतो. काठावर वाढलेल्या जुन्या लोकांना हे ठाऊक आहे. नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना ते कोण सांगणार?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसं बुडून मेली. त्यातली बरीचशी पर्यटक नव्हती. विहिरीवर, बंधाऱ्यावर, कपडे धुताना, गुरं धुताना गेलेली माणसं आहेत. त्यांच्यासाठी धबधब्यावरची बंदी असून नसून सारखी. मी बंदीच्या विरोधात नाही, मुसळधार पावसात पोलीस वाट अडवतात ते योग्यच आहे. माझी तक्रार एवढीच, की पावसाळ्याचे चार महिने आपण पाण्यापासून लांब राहा म्हणून सांगतो आणि उरलेल्या आठ महिन्यांत कुणाला काहीच शिकवत नाही.

शिकलेल्या माणसांचा उपयोग काय होतो, हे खालापूरला वेगळं सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा गाडीरस्ता नसलेल्या त्या डोंगरावर भर पावसात यशवंती हायकर्ससारख्या खोपोलीच्या गटांतले गिर्यारोहक मदतीला धावले. ते हौस म्हणून डोंगर चढायला शिकले होते. पाण्याची अशीच हौस असलेली पन्नास पोरं आपल्या दोन तालुक्यांत असती तर?

कयाकची हौस महाग आहे, हे मान्य. माझा पगार आयटीतला आहे म्हणून मला परवडते. पण तिच्यातलं जे महत्त्वाचं, ते स्वस्तात होतं. पाठीवर तरंगत राहणं हे पोहण्याच्याही आधी शिकायचं, त्याला फक्त छातीभर शांत पाणी आणि एक जाणता माणूस लागतो. बुडणाऱ्यामागे उडी मारायची नाही, त्याच्याकडे काहीतरी फेकायचं, हे तर काठावर बसून शिकता येतं. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन आणि त्याला बांधलेली वीस मीटर दोरी. असा कॅन आता माझ्या गाडीत कायम असतो. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि एकाच घरातले तीन जनाजे निघतात, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. ती दोरी तिथे असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

मुलींबद्दल स्वतंत्र लिहायला हवं, कारण आपल्याकडे गाडी तिथेच अडते. मुलांना पोहायला शिकवा, असं हजरत उमर यांच्या नावाने सांगितलं जातं. जुम्म्याच्या बयानात मी ते लहानपणापासून ऐकत आलोय. ते ऐकून पोरांना तलावाकडे घेऊन गेलेला बाप अजून पाहिलेला नाही, मुलींना तर सोडाच. कारणं कपड्यांची सांगतात. पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे पोहण्याचे कपडे आता सहज मिळतात. आमच्या आठ जणांच्या वर्गात तीन मुली आहेत, त्यातली एक हेल्मेटखाली घट्ट स्कार्फ बांधते, वर लाइफ जॅकेट, आणि वाऱ्यात ती माझ्यापेक्षा सरळ होडी चालवते. सैल ओढणी आणि घोळदार बुरखा मात्र पाण्यात जीवघेणा ठरू शकतो. तो भिजून जड होतो, पायात अडकतो. सहलीला बायका काठावर 'फक्त बसायला' जातात आणि पाणी वाढतं तेव्हा सगळ्यात आधी त्याच अडकतात. त्यांना शिकवायचं की नाही हा वाद घरात बसून करता येतो, पण लोंढा आला की तो शिकलेली-न शिकलेली असा भेद तेवढा करतो.

जून यायला चार महिने आहेत, आणि शिकायचे दिवस हेच. खोपोलीतल्या आमच्या मोहल्ल्यात आम्ही सात जणांनी ठरवलंय: मार्च-एप्रिलचे रविवार, पोहणं जाणणारे दोघे शिकवायला, मुलींची वेळ वेगळी, आणि त्यांना शिकवायला रेवदंड्याच्या वर्गातली ती स्कार्फवाली मुलगी येणार आहे. जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडे 'आपदा मित्र' प्रशिक्षणाची चौकशी करायचं काम माझ्याकडे आहे. मशिदीच्या विश्वस्तांशी बोलणं झालंय, पावसाळ्यात नदी-धरणाचा इशारा आला की तो लाउडस्पीकरवरून सांगायचा. त्यांनी एकच शंका काढली, की लोक म्हणतील हे काय मशिदीचं काम आहे? मग त्यांच्यातलेच एक बुजुर्ग म्हणाले, 'जनाजा सांगतो ना आपण? मग त्याच्या आधीचंही सांगू.'

नेरळ, दामत, कर्जत इथल्या वाचकांनी आपापल्याकडे विचारून पाहावं. पोहता येणारा एखादा चाचा प्रत्येक गल्लीत निघतोच, त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं. आमच्या यादीत पहिलं नाव माझ्या चौदा वर्षांच्या भाचीचं आहे. तिची अम्मी, म्हणजे माझी बहीण, अजून विचार करतेय. ती म्हणते, मी काठावर बसेन. मी तिला कॅन आणि दोरी देऊन ठेवलीय.