पाणचक्की पाहणारे आणि पांझरा विसरणारे

शिंदखेड्याकडील सुशिक्षित कुटुंबे सुट्टीत वेरूळ-देवगिरीस निघाली म्हणजे छत्रपती संभाजीनगरातील, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेतील, पाणचक्की सहसा चुकवीत नाहीत. धुळे, चाळीसगाव व कन्नडचा घाट ओलांडून मुलाबाळांसह इतके दूर जावे, जुने काही पाहावे, यात गैर काहीच नाही. आमचा आक्षेप आहे तो पाहण्याच्या रीतीवर. दगड फिरताना दिसला, "काय हे पूर्वजांचे डोके!" असा उद्गार निघाला, छायाचित्रे काढून झाली, की इतिहासाचे ऋण फिटले असे मानून मंडळी माघारी फिरतात. या समजुतीस आम्ही रसिकतेचे सोंग घेतलेला आळस म्हणतो.

पाणचक्की म्हणजे मुळात काय, हे आधी पाहू. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. मलिक अंबरने (मृत्यू १६२६) खडकी वसवून तेथे नहरीने पाणी आणले. त्याच परंपरेत पुढे मोगल व निजामी अमदानीत पाणचक्कीची स्वतंत्र नहर झाली. शहराच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरांवरून झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून येई. हवा निघून जावी व दाब सांभाळला जावा म्हणून वाटेत मनोरे उभारलेले होते. शेवटी ते पाणी उंचावरून खाली लोखंडी पात्यांवर पडे, पाती फिरत, त्यांच्या दांड्याबरोबर वरची तळी फिरे, आणि फकीर, यात्रेकरू व विद्यार्थी यांच्यासाठी पीठ निघे. उरलेले पाणी हौदातून खामेस मिळे.

आता विचार करावा की या सर्वांत थोर वस्तू कोणती? तळी तर कोणताही पाथरवट घडवील. थोरवी आहे ती दूरचे पाणी उताराचा हिशेब चुकू न देता आणण्यात, आणि त्याहूनही अधिक, ते पिढ्यान्‌पिढ्या वाहते ठेवण्यात. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ही चक्की थांबल्याच्या वार्ता येतात, व पाहुणे हळहळतात. पण नहरीच्या वाटेवर वस्ती चढली तेव्हा हळहळणारे किती निघाले? चक्की सर्वांस दिसते, नहर जमिनीखाली असते. आमची भक्ती दिसेल तेवढ्यापुरतीच आहे.

हे परगावचे झाले. घरचे काय? आमच्याच तालुक्यात मुडावद येथे पांझरा तापीस मिळते. याच पांझरेवर, वर साक्री व धुळे तालुक्यांत, तीनशे वर्षांहून अधिक काळ फडपद्धती चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात एकच पीक, आणि कोणत्या फडात यंदा ऊस व कोणत्या फडात भुसार, हे सर्व बागायतदारांनी मिळून ठरवावयाचे. पाटकरी पाट राखी, बारेकरी शेतांस पाणी देई, जागल्या पिकावर लक्ष ठेवी, हवालदार या सर्वांवर देखरेख करी. पाऊस कमी झाला तर भिजवावयाचे क्षेत्रच कमी करीत, म्हणजे तूट सर्वांच्या वाट्यास सारखी येई. उरलेले पाणी सांडमातून पुन्हा नदीत जाई. हंगामापूर्वी गाळ काढण्यास सर्वांनी उतरावे, हा दंडक होता.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्या आरंभीच्याच काळात खानदेशात दातर्ती येथे पांझरेच्या पाण्यासाठी त्यांनी नळाचा सायफन बांधला. पुढे जगद्विख्यात झालेल्या या इंजिनियराचा हात प्रथम आमच्या पाटास लागला, हे आमच्या किती मुलांस ठाऊक आहे? त्यांस पाणचक्की ठाऊक आहे, कारण तेथे तिकीट आहे!

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, विजेची गिरणी घटकेत दळून देते व विहिरीवरचा पंप कळ दाबताच पाणी ओढतो, मग जुन्याचा सोस कशास? आम्ही कोणास पाणचक्कीवर दळावयास सांगत नाही, आणि जात्यावर पहाटे घाम गाळणाऱ्या आमच्या आयाबहिणींस तर मुळीच नाही. पण पंपाने पाणी वर आले तरी ते वाटून घेण्याची बुद्धी त्याबरोबर येत नाही. ज्याची विहीर खोल त्याचे पाणी, हा न्याय फडाने कधी मानला नव्हता. दुसरा आक्षेप असा की, नदीच्या वरच्या अंगास धरणे झाली, आता बंधाऱ्यांचे काम संपले. धरण पाणी साठविते, हे खरे. परंतु ते शेवटच्या शेतापर्यंत कोणी, कोणत्या क्रमाने न्यावे, हा प्रश्न धरणाच्या भिंतीने सुटत नाही. तो पाटकऱ्याने सोडविला होता. त्यास आपण घरी बसविले आणि त्याच्या जागी भांडण आणून बसविले.

म्हणून आमचे सांगणे असे. पाणचक्की अवश्य पाहावी, पण चक्कीपुढे न थांबता मुलांस विचारावे की हे पाणी आले कोठून, आणि ते चालू कोणी ठेवले? नंतर एक दिवस दातर्तीस व पांझरेच्या बंधाऱ्यांवर न्यावे. काही फडांत आजही पाणी फिरते. तेथील वृद्ध पाटकऱ्यांकडून फडाचे नियम लिहून घ्यावेत. १९२६ साली राजवाडे निवर्तल्यावर धुळ्याने त्यांच्या नावे संशोधन मंडळ काढून कागद जपले. ते धुळे हेही जपू शकेल. बंधाऱ्यांतील गाळ काढावा, आणि धरणांतून पाणी सुटेल तेव्हा फडांचा वाटा ठरलेला असावा, असा आग्रह शिकलेल्यांनी धरावा. एवढे न केल्यास उद्या कोरड्या बंधाऱ्यावर पाटी लागेल, शेजारी तिकीटघर उभे राहील, आणि आमचीच नातवंडे तेथे येऊन पूर्वजांच्या डोक्याचे कौतुक करतील. त्या पूर्वजांत आमची गणना मात्र ती करणार नाहीत.