उदार म्हणावे कुणाला?

वर्तमानपत्राच्या परदेशी बातम्यांत 'उदारमतवादी' नावाचे एक गृहस्थ वरचेवर भेटतात. हे गृहस्थ मोठे अजब आहेत. अमेरिकेत ते श्रीमंतांवर कर वाढवा म्हणतात. हॉलंडात गेले की कर कमी करा म्हणतात. पॅरिसमध्ये कामगार त्यांच्या नावाने बोटे मोडीत मोर्चे काढतात, आणि ऑस्ट्रेलियात तर ते सरळ सनातन्यांच्या पंक्तीला पाट मांडून बसतात. वाचक बिचारा बुचकळ्यात पडतो. त्याला वाटते, राजकारण म्हणजे असेच, आज इकडे तर उद्या तिकडे! पण या वेळी दोष राजकारणाचा नाही. दोष आहे आमच्या भाषांतरकारांचा. चार देशांतील चार निरनिराळ्या माणसांना त्यांनी एकच अंगरखा चढवला आहे. सगळे घोडे बारा टक्के!

मूळ शब्द 'लिबरल'. लॅटिनमधील 'लिबेर' म्हणजे मुक्त, गुलाम नसलेला. त्याची ही संतती. मुक्त माणसाला शोभेल असे शिक्षण, मुक्त माणसाला शोभेल असे सढळ देणे, असे त्याचे जुने अर्थ. राजकारणात हा शब्द शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, स्पेनमध्ये. तेथून तो युरोपभर पसरला, आणि ज्या घरी गेला त्या घरचे वळण त्याने उचलले.

इंग्रजांचे घर आधी पाहू. १८५९ साली तेथे लिबरल पक्ष उभा राहिला. ग्लॅडस्टनच्या काळी खुला व्यापार आणि सरकारी काटकसर हे त्याचे ब्रीद होते. सरकारने खर्च करू नये, हात आखडता घ्यावा, असे म्हणणारा हा पक्ष. पण त्याच पक्षाने १९०८ साली सत्तर वर्षांवरील गरीब म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन दिली आणि १९११ साली कामगारांसाठी विम्याचा कायदा केला. एकाच घरात आजोबांची काटकसर आणि नातवाचा सढळ हात! पुढे अमेरिकेत रूझवेल्टने १९३३ नंतर हा शब्द आपल्या कार्यक्रमाला लावला, आणि तेथे 'लिबरल' म्हणजे गरिबांसाठी सरकारने पुढे यावे असे मानणारा, हा अर्थ पक्का झाला. इतका, की १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करायला हाच शब्द शिवीसारखा वापरला गेला. उलट ऑस्ट्रेलियात १९४४ साली मेन्झीज यांनी जो लिबरल पक्ष काढला तो मजूर पक्षाविरुद्धचा, उजव्या बाजूचा. म्हणजे एकट्या इंग्रजीतच या शब्दाला तीन तोंडे आहेत.

आता डच लोकांकडे जाऊ. त्यांचा 'लिबराल' हा १८४८ सालच्या राज्यघटनेचा वारसदार. तॉर्बेक या पंडिताने ती घटना घडवली, राजाचे अधिकार आवळले आणि मंत्र्यांना जबाबदार धरले. डच भाषेची एक गंमत अशी, की सढळ हाताने देणाऱ्या माणसाला तिच्याजवळ वेगळा, स्वतःचा शब्द आहे, आणि धर्माच्या वा विचाराच्या बाबतीत मोकळ्या मनाच्या माणसाला आणखी तिसरा. अशा मोकळ्या मनाच्या लोकशाहीवाद्यांचा एक पक्ष १९०१ साली निघाला. स्त्रियांना मताचा हक्क देणारे जे विधेयक १९१९ साली संमत झाले, ते मांडले होते त्याच पक्षाच्या पुढाऱ्याने. हा पक्ष १९४६ मध्ये समाजवाद्यांबरोबर नव्या मजूर पक्षात विलीन झाला. आणि तेथे न रमलेल्या काही मंडळींनी इतरांना जोडीला घेऊन १९४८ मध्ये निराळा पक्ष काढला. आज डच माणूस 'लिबराल' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे सहसा हा पक्ष उभा राहतो: कमी कर, कमी सरकार, व्यापाराला मोकळीक. २०१० ते २०२४ पर्यंत पंतप्रधान असलेले रुटे याच पक्षाचे. त्यांना अमेरिकन अर्थाने 'लिबरल' म्हणणे म्हणजे मारवाड्याच्या पेढीला धर्मशाळा म्हणण्यासारखे आहे.

फ्रान्समध्ये तर आणखीच वेगळा प्रकार. फ्रेंच कायद्यात याच शब्दाचे भावंड दान आणि मृत्युपत्राने दिलेली देणगी यांसाठी वापरतात. डॉक्टर-वकिलांच्या स्वतंत्र व्यवसायाला हेच विशेषण लागते. पण राजकारणात फ्रेंच माणसाने 'लिबेराल' म्हटले, की समजावे, बाजाराच्या हाती सगळे सोपवू पाहणाऱ्याला तो दूषण देतो आहे. २००५ साली युरोपच्या राज्यघटनेवर फ्रान्समध्ये सार्वमत झाले आणि सुमारे पंचावन्न टक्के मतांनी ती फेटाळली गेली. विरोधकांचा एक मोठा आक्षेप होता, की ही घटना अति 'लिबेराल' आहे! आता याचे भाषांतर 'ही घटना फार उदारमतवादी आहे, म्हणून लोकांनी ती नाकारली' असे केले, तर वाचकाने काय समजावे? फ्रेंच जनता कोत्या मनाची झाली, असेच ना? प्रत्यक्षात ती आपल्या पेन्शनीची आणि नोकरीच्या हमीची चिंता करीत होती. एका शब्दाने एका राष्ट्राची बदनामी होते ती अशी.

कोणी म्हणेल, हा परक्यांच्या घरचा तंटा. आपल्याला त्याचे काय? तर वाचकहो, खरी मेख इथेच आहे. हा शब्द आपल्याही घरात आला आहे, आणि आपण त्याला दोन वेळा, दोन दारांनी आत घेतले आहे.

पहिल्या दाराने आले ते 'उदारमतवादी'. न्यायमूर्ती रानडे, गोपाळराव गोखले यांची ही परंपरा. जहाल मंडळी त्यांना नेमस्त म्हणून हिणवीत. पण हे उदारमतवादी बाजाराचे भक्त होते काय? रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले, त्यात इंग्रजांचे खुल्या व्यापाराचे शास्त्र या देशाला जसेच्या तसे लागू पडत नाही, येथे उद्योगांना सरकारचा टेकू हवा, असेच प्रतिपादन केले. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, म्हणजे पोरांच्या पाटी-पुस्तकासाठी सरकारी तिजोरी उघडा म्हटले. सरकारने ते १९१२ मध्ये हाणून पाडले. फ्रेंच तराजूत घातले तर हे दोघेही 'लिबेराल' ठरणार नाहीत!

दुसऱ्या दाराने, १९९१ नंतर, आले 'उदारीकरण'. परवाने उठले, आयातीवरचे निर्बंध सैल झाले, परदेशी भांडवलाला वाट मिळाली. हे चांगले झाले की वाईट, हा वाद अर्थशास्त्रज्ञांनी घालावा. दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे पुष्कळ आहे. माझा आक्षेप नावाला आहे. मराठीत 'उदार' म्हणजे ज्याचा हात देताना आखडत नाही तो. भाऊबिजेला ओवाळणी घालणारा भाऊ उदार असतो. दाराशी आलेल्याला फराळाचे ताट भरून देणारी गृहिणी उदार असते. परवाने रद्द करणारे सरकार कोणाला काय देते? ते फक्त अडसर काढते. अडसर काढल्यावर आत कोण येईल आणि बाहेर कोण राहील, हे पुढचे पुढे. पण 'उदारीकरण' म्हटले की विरोध करणारा आपोआप अनुदार, कंजूष ठरतो. वाद सुरू होण्याआधीच निकाल लागला! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण आपल्या आजीला ठाऊक होती. आमच्या परिभाषाकारांना नसावी.

यावर एक उत्तर ठरलेले आहे. परिभाषा म्हणजे संकेत, एका शब्दाला एकच प्रतिशब्द हवा, नाहीतर गोंधळ माजेल, असे कोशकार सांगतात. रसायनशास्त्रात हे शंभर टक्के खरे. प्राणवायू पॅरिसलाही प्राणवायूच असतो. पण राजकारणातील शब्द हे वायू नव्हेत, ती माणसे आहेत. गाव बदलले की त्यांची वागणूक बदलते. तेथे एका शब्दाला एक प्रतिशब्द देणे ही शिस्त नव्हे, तो आळस आहे. आणि या आळसाची किंमत कोशकार देत नाही. ती देतो सकाळी चहाच्या कपाबरोबर बातमी वाचणारा माणूस, जो पुढे मतदार म्हणून उभा राहतो.

उपाय अवघड नाही. डच पक्षाबद्दल लिहिताना 'खुल्या बाजाराचा कैवारी' म्हणा. अमेरिकनाबद्दल 'सरकारी मदतीचा पुरस्कर्ता' म्हणा. फ्रेंच माणूस शिवी देत असेल तर 'बाजारवादी' म्हणा. 'उदारमतवादी' हा शब्द, ज्याला परमत ऐकून घेण्याचे धैर्य आहे त्याच्यासाठी राखून ठेवा. आणि 'उदारीकरणा'ला साधे 'निर्बंधमुक्ती' म्हणा. चार अक्षरे इकडे-तिकडे होतील, पण वाचकाची फसवणूक टळेल.

'उदार' हा आपल्या भाषेतला एक सोज्ज्वळ शब्द आहे. तो दुसऱ्याच्या पेढीवर फुकट राबवू नका.