परिभाषेचे रडगाणे

आमच्या एखाद्या शास्त्रज्ञाला अगर इंजिनियरला म्हणावे, "साहेब, आपल्या विषयावर मराठीत चार पाने लिहा की!" उत्तर ठरलेले : "इच्छा फार आहे हो, पण मराठीत परिभाषा कोठे आहे?" ही सबब ऐकून ऐकून आमचे कान किटले!

१८६० च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे मुलांपुढे उभा राहिला. वय ६९, विद्युत्शास्त्रातला महारथी. आणि व्याख्यानाला विषय कोणता? मेणबत्ती! तिच्यावर तो सहा व्याख्याने बोलला. १८६१ साली निघालेले त्यांचे पुस्तक आजही छापले जाते.

हे मराठीत सांगता येत नाही? मग दारातली पणतीच घ्या. तेल वातीतून आपोआप वर चढते. पण जळते ती तेलाची वाफ. ज्योतीवर आजी वाटी धरून काजळ पाडीत असे ना? ते काजळ म्हणजे न जळालेला कार्बन. त्याचेच कण ज्योतीत तापून लाल-पिवळे होतात, म्हणून तर पणतीचा उजेड पिवळा! थंडगार भांडे क्षणभर ज्योतीवर धरा (मुलांनी वडीलमाणसांदेखत!), त्यावर दव धरेल. अग्नीतून पाणी! सांगा पाहू, परिभाषेवाचून कोठे अडले?

फॅरेडेला रसायनाची गोडी लावली ती जेन मार्सेट बाईंच्या पुस्तकाने, आणि बाई काही संशोधक नव्हत्या, हे आम्हांस ठाऊक आहे. अशा लेखकांना आमचा नमस्कारच. पण म्हणून शास्त्रज्ञांना सुटी मिळते काय? जयंत नारळीकर केंब्रिजला फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त मांडून आलेले. तरी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा धाडली. कथेचे नाव 'कृष्णविवर'. आज शाळकरी पोरही तो शब्द बिनदिक्कत वापरते. शब्द समित्यांची वाट पाहत बसले असते, तर अजून फायलीतच असते!

पुलावरून मोटार धडधडत जाते आणि मूल विचारते, "बाबा, इथे फट का ठेवली?" उन्हाने पूल लांबतो, त्याला जागा हवी, एवढे बाबा सांगतील. पण किती फट ठेवायची, ती कशी ठरवली, हिशेब कोठे चुकू शकतो, हे पूल बांधणाराच जाणे. मग लेखणी उचला की, इंजिनियरसाहेब!