एंटर मारल्यानंतर

अपडेट चालू असताना डेबियन किंवा उबुंटू मध्येच थांबून विचारते: ही फाइल तुम्ही बदलली आहे, पॅकेजमध्येही ती बदलली आहे, कोणती ठेवू? बहुतेक जण एंटर मारतात आणि जुनी राहते. हा डीफॉल्ट योग्यच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत ऐन गळितात काट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली असताना सर्व्हरची सेटिंग उडवणारे अपडेट कोणाला हवे?

पण एंटरने प्रश्न फक्त पुढे ढकलला जातो. नवी फाइल ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडून राहते आणि तिच्यातले नवे, कदाचित अधिक सुरक्षित, डीफॉल्ट तुमच्या फाइलीत येत नाहीत. आरपीएम पॅकेजे वापरणाऱ्या लिनक्समध्ये तर हा प्रश्नही विचारला जात नाही. पॅकेज बांधणाऱ्याने ‘नोरिप्लेस’ लिहिले असेल तर तुमची फाइल राहते आणि नवी ‘.आरपीएमन्यू’ होते, नसेल तर नवी लागू होते आणि तुमची ‘.आरपीएमसेव्ह’ म्हणून बाजूला जाते. सकाळी सेवा वेगळी वागू लागली, की आधी हे शोधा.

याहून वाईट प्रकार आवाजच करत नाही. आपोआप अपडेट लावणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सला असा प्रश्न येणार हे दिसले, तर मूळ सेटिंगनुसार ते पॅकेजच वगळते. एका फाइलीत बदललेल्या एका ओळीपायी सुरक्षा-अपडेट अडते आणि त्याची नोंद फक्त लॉगमध्ये राहते. तो लॉग उघडतो कोण? सर्व्हर, सीसीटीव्ही, प्रिंटर सगळे एकाच्याच गळ्यात असल्यावर बहुधा कोणीच नाही.

आमचे मत स्पष्ट आहे: पॅकेजने दिलेल्या फाइलीला हातच लावू नका. सिस्टमडीने हीच वाट रुळवली. मूळ फाइल /यूएसआर मध्ये, तुमचा बदल /ईटीसी मधल्या ‘.डी’ फोल्डरात. ओपनसुसेही बरीच मूळ कॉन्फिग /यूएसआर/ईटीसी मध्ये नेत आहे. अर्थात, इथेही सापळा आहेच. दूरून लॉगिन घेणारी एसएसएचडी सेवा बहुतेक सेटिंगसाठी आधी सापडलेली किंमत धरते आणि डेबियनच्या फाइलीत इन्क्लूड सुरुवातीलाच असते. म्हणून मुख्य फाइलीच्या तळाशी पासवर्ड लॉगिन बंद केले, तरी ‘.डी’ मधली दुसरी फाइल ते चालू ठेवू शकते. फाइल वाचून खात्री होत नाही. एसएसएचडीला कॅपिटल टीचा पर्याय देऊन प्रत्यक्ष लागू सेटिंग छापून घ्या.

जिथे ‘.डी’ची सोय नाही, तिथे ईटीसीकीपर बसवा. /ईटीसी मधले बदल गिटमध्ये राहतात, आणि तुमच्या जागी येणाऱ्याला कोणती ओळ कधी बदलली ते दिसते.