आळस नव्हे, आजार

छिन्नमनस्कता ऊर्फ स्किझोफ्रेनिया म्हटले की, नसलेले आवाज ऐकणारा, भलभलते संशय घेणारा रुग्ण डोळ्यांपुढे उभा राहतो. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा या रोगावर वापर झाला. तेव्हापासून ही लक्षणे पुष्कळ अंशी आवरता येऊ लागली. परंतु आवाज थांबले म्हणजे रुग्ण पूर्ण बरा झाला, ही समजूत खरी नव्हे. औषधाने शांत झालेला तरुण बाजारातून आणावयाच्या चार जिनसांपैकी दोन विसरतो, हाती घेतलेले काम अर्ध्यावर सोडतो आणि घरची माणसे त्याला आळशी ठरवून मोकळी होतात.

या विसरण्याचे मूळ मेंदूत आहे. ऐकलेली वा पाहिलेली गोष्ट काही क्षण मनात धरून तिच्या आधारे पुढची कृती करणे, या शक्तीला कार्यकारी स्मृती म्हणतात. कपाळामागील मेंदूचा भाग हे काम प्रामुख्याने सांभाळतो. दिसलेल्या खुणेची जागा काही सेकंद ध्यानात ठेवणे या रुग्णांना जड जाते, हे पार्क व होल्झमन यांनी १९९२ साली दाखविले. पुढे चुंबकीय चित्रणाने आणखी एक गोष्ट उघड केली. सोप्या कामातही अनेक रुग्णांच्या मेंदूचा हा भाग निरोगी माणसापेक्षा अधिक राबतो आणि कामाचा भार वाढताच तो माघार घेतो. म्हणजे ज्याला आपण कामचुकार म्हणतो, तो साध्या कामासाठी आपल्याहून अधिक कष्ट उपसत असतो!

प्रचलित औषधांचा या उणिवेवर फारसा परिणाम होत नाही. स्मृतीच्या पद्धतशीर सरावाने थोडा लाभ होतो; त्याला कामधंद्याच्या शिक्षणाची जोड मिळाली तर तो दैनंदिन जीवनात उतरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराला दिव्यांगतेत स्थान दिले, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुनर्वसनाची सोय पुरविणे हे शासनाचे कर्तव्य ठरविले. हे कर्तव्य गोळ्यांच्या पुडीने पुरे होत नाही. बांबोळीच्या मनोरुग्णालयातून घरी परतणाऱ्या रुग्णाला त्याच्या तालुक्यातच सराव व काम मिळाले, तरच कायद्याला अर्थ आहे.

घरच्यांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. एका वेळी एकच काम सांगावे, ते कागदावर लिहून द्यावे आणि विसरला तर रागावण्याऐवजी पुन्हा सांगावे. त्यास खर्च काहीच नाही. लागतो तो केवळ धीर.