फोडणीचे तेल आणि आयातशुल्क

व्यापार खुला झाला की वस्तू स्वस्त होतात आणि वस्तू स्वस्त झाल्या की कुटुंबाचे कल्याण होते, असे एक सोपे समीकरण उदारीकरणाचे पुरस्कर्ते १९९१ पासून मांडत आले आहेत. समीकरण खोटे नाही, अपुरे आहे. कुटुंब म्हणजे केवळ ग्राहक, हे त्यात गृहीत धरलेले असते. आपल्या देशातील कोट्यवधी कुटुंबे मात्र एकाच वेळी विकत घेणारी आणि विकणारीही आहेत. सोयाबीन पिकवणारा शेतकरी फोडणीसाठी दुकानातून तेलाची पिशवीच आणतो. त्याच्या घराचे भले झाले की बुरे, हे ठरवायचे तर स्वयंपाकघर आणि शेत या दोन्हींचा हिशेब एका वहीत मांडावा लागेल.

खाद्यतेलाच्या बाबतीत हा हिशेब विशेष बोलका आहे. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू झाले. तेव्हा देशाचे तेलबियांचे उत्पादन सुमारे ११० लाख टन होते; दहा वर्षांच्या आत ते दोनशे लाख टनांच्या पुढे गेले. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी देश आपली खाद्यतेलाची जवळजवळ संपूर्ण गरज स्वतःच भागवू लागला होता. ही पीतक्रांती हरितक्रांतीइतकी गाजली नाही, पण तिच्यामागे कोरडवाहू शेतकऱ्याचा घाम होता.

आणि नेमक्या याच वेळी दार उघडले गेले. १९९४ मध्ये पामोलिनची आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. चार वर्षांत हे शुल्क साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत खाली आले. याचा दोष जागतिक व्यापार संघटनेवर ढकलण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. पण पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा भारताने त्या करारात राखून ठेवली होती. सोयाबीन तेलावर मात्र ४५ टक्क्यांची मर्यादा आपण मान्य करून बसलो. म्हणजे पामतेलाची भिंत कोणी बाहेरून पाडली नाही, ती आतूनच उतरवली गेली. पुढे २००१ च्या सुमारास ती बरीच उंच झाली, २००८ मध्ये महागाईच्या धास्तीने कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क थेट शून्यावर आले. यात कोणत्याही एका पक्षाचे सरकार होते असे नाही.

आयातीने काहीच दिले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रेशनच्या रांगेत पामतेलासाठी उभ्या राहिलेल्या पिढीला टंचाई ठाऊक आहे. भूमिहीन मजुराच्या आणि शहरातील चाळकऱ्याच्या घरी आज तेल मोजूनमापून वापरावे लागत नाही. (आता डॉक्टरच कमी वापरा म्हणतात, हा भाग वेगळा.) विकायला ज्याच्याजवळ काही नाही, त्याच्यासाठी स्वस्त तेल हा निखळ लाभच होय.

पण वहीचे दुसरे पान? सोलापूर आणि मराठवाड्यात रब्बीची करडई हे घरच्या तेलाचे पीक होते. काटेरी पीक, काढणीला मजूर मिळेना, हेही खरे. पण पामतेलाच्या भावाशी स्पर्धा करण्याची वेळ आल्यावर तिचे क्षेत्र आटतच गेले. करडईबरोबर गावातला घाणा बंद पडला, घाण्याबरोबर गुरांना मिळणारी पेंड गेली. पामतेल पिशवीतून येते, पेंड घेऊन येत नाही.

पेटिया टोपालोवा या अर्थतज्ज्ञ महिलेने १९९१ नंतरच्या शुल्ककपातीचा भारतीय जिल्ह्यांवरील परिणाम तपासला. त्यांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या ग्रामीण जिल्ह्यांतील रोजगार शुल्ककपातीच्या तडाख्यात अधिक सापडला, तेथे दारिद्र्य इतरांच्या तुलनेने मंद गतीने घटले, असे त्यांना आढळले. पाठ्यपुस्तकातला माणूस एक धंदा बसला की दुसऱ्याकडे वळतो. प्रत्यक्षातला माणूस जमीन, घर आणि कर्ज सोडून जाऊ शकत नाही.

२०२३-२४ च्या तेलवर्षात सुमारे १६० लाख टन खाद्यतेल आयात झाले, सव्वा लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीचे. या परावलंबनाची चव २०२२ मध्ये स्वयंपाकघरानेही घेतली. युक्रेनच्या युद्धाने सूर्यफूल तेल अडले आणि एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच काही आठवडे थांबवली. स्वस्ताईची हमी देणारा बाजार तेव्हा कोणाच्या हाती होता?

त्याआधीचे वर्ष शेतकरी विसरलेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले होते. त्याच महिन्यात जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या १२ लाख टन आयातीला परवानगी मिळाली. ऑक्टोबरमध्ये, ऐन काढणीत, कच्च्या खाद्यतेलांवरील मूळ शुल्क रद्द झाले आणि साठ्यावर मर्यादा आली. नवे पीक आडतीत पोहोचेपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरला होता.

मग शुल्क वाढवले की प्रश्न सुटतो काय? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले. सणासुदीला तेल महागले. सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिले. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम अठरा टक्के, बाकी बहुतेक पेंड; आणि पेंडीचा जागतिक भाव पडलेला होता. इथेनॉलच्या कारखान्यांतून निघणारा मका-तांदळाचा चोथाही पशुखाद्यात तिची जागा घेत होता. गृहिणीने जादा मोजले, शेतकऱ्याला मिळाले नाही. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची अट १२ वरून १५ टक्के झाली ती नोव्हेंबरात. देणी असलेल्या लहान शेतकऱ्यांपैकी अनेकांनी तोवर माल व्यापाऱ्याला घातला होता.

२०२५ च्या मे महिन्यात, अवघ्या दोन दिवसांच्या अंतराने, दोन निर्णय झाले. सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि कच्च्या खाद्यतेलावरील शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आले. एक निर्णय शेताकडे पाहून घेतलेला, दुसरा स्वयंपाकघराकडे. खरिपाच्या पेरणीपूर्वी शुल्क जाहीर करून मार्चपर्यंत त्याला हात न लावणे आणि हमीभावाची खरेदी केंद्रे दसऱ्यापूर्वी उघडणे, या दोन गोष्टींसाठी कोणत्याही जागतिक कराराची आडकाठी नाही.